चौकटीमागचे सूर

हल्ली वर्तमानपत्रात ‘मूलतत्त्ववाद’ हा शब्द फार येतो. धर्मातला, राजकारणातला. त्याचा अर्थ समजावून देणारे लांबलचक लेख असतात. मी ते चष्मा पुसून वाचतो. थोडे कळतात, थोडे डोक्यावरून जातात. पण तो शब्द दिसला की मला लाकडाची टकटक ऐकू येते. ती कुठली, हे एकदा लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. जमेल की नाही, ठाऊक नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं आणि काढलेलं काचेखाली बसवत आलो. माझं चौकटींचं दुकान होतं. शेजारचं दुकान पेटीमास्तरांचं. ही हकीकत त्यांची आहे.

मास्तर पेट्या दुरुस्त करायचे. एका हाताने मागचा भाता हलवायचा आणि दुसऱ्याने पुढच्या पट्ट्या दाबायच्या, ती पेटी. आमच्या भागात पेटी पुष्कळ घरांत होती. कुणी वाजवायचं, कुणी नुसती झाकून ठेवायचं, पण होती. मास्तर बुटके, खांदे पुढे झुकलेले, कान चेहऱ्याच्या मानाने मोठे. मांडीवर कायम एक फडकं. दुकानात सरसाचा डबा, चामड्याचे तुकडे, लाकडाचा भुसा, आणि या सगळ्याचा मिळून एक वास. माणसांशी ते जेमतेम बोलायचे. पेट्यांशी मात्र गप्पा चालायच्या.

“काय झालं तुला? सर्दी?” असं विचारून झाकण उघडायचे. एकदा एका बड्या दुकानदाराची पेटी पुढ्यात घेऊन म्हणाले, “तुझा भाता मालकावर गेलाय. नुसता फुगतो, आवाज काही नाही.” दुकानदार मागेच उभा होता. तो गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पेटीच्या पोटात पितळेचे सूर असतात. बोटाएवढा लांब तुकडा, त्यात एक पातळ जीभ, आणि वारा लागला की ती जीभ थरथरते. मास्तर बारीक कानशीने ती किंचित घासायचे, कानाशी धरायचे, पुन्हा घासायचे. एका सुरासाठी अख्खी सकाळ घालवलेली मी पाहिली आहे.

दुकानावरच त्यांचं घर. लाकडी जिन्याने वर गेलं की एकच लांब खोली, आणि खिडकीपाशी वहिनींची पेटी. वहिनी मुलींना शिकवायच्या. त्यांची स्वतःची मुलगी, बारकी, तेव्हा रांगत होती. तिला झोपवायला वहिनींनी एक चाल रचली होती. तिला शब्द नव्हते. चार ओळींची चाल, तिसऱ्या ओळीत एक अवघड वळण. दुपारी ती खाली माझ्या दुकानापर्यंत यायची आणि माझेही डोळे मिटायचे. काच कापताना ते बरं नव्हे.

मंडळ आलं ते एकदम नाही आलं. आधी प्रवचनं आली. मग सल्ले आले. मग सल्ले न ऐकणाऱ्यांची विचारपूस सुरू झाली. मंडळाचं सांगणं सोपं होतं. धर्म मुळात जसा होता तसा पाळायचा, नंतरचं सगळं माणसांनी घुसडलेलं. आणि मुळात वाद्यं नव्हती. मुळात काय होतं हे पाहायला आपल्यापैकी कुणीच नव्हतं, असं मी एकदा मास्तरांना हळूच म्हणालो. मास्तर म्हणाले, “म्हणून तर सोपं आहे.”

मंडळाचा निरोप घेऊन आला तो वहिनींचा धाकटा भाऊ. त्याचा गळा गोड. लहानपणी बहिणीच्या मांडीला मांडी लावून त्याच पेटीवर शिकलेला. मंडळात गेल्यापासून तो जास्तच हळू बोलायला लागला होता. तो कधी कुणावर ओरडला नाही, हे मी मुद्दाम लिहितो. लेखांतून अशा माणसांचे डोळे लाल असतात. याचे नव्हते.

“दाजी,” तो मास्तरांना म्हणाला, “तुमच्या हातून झालं तर बरं. नाहीतर दुसरे येतील आणि पेट्या फोडतील. मी मोठ्या मुश्किलीने एवढं मान्य करून घेतलंय. पेटी घरात राहू दे. फक्त आवाज नको.”

“आवाज नको म्हणजे?”

“सूर काढून घ्या. पितळ मंडळात जमा करा. बाकी लाकूड आहे, लाकडाला कुणाची हरकत नाही.”

वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. “दात काढून घ्यायचे आणि म्हणायचं, तोंड राहू दिलं,” त्या म्हणाल्या.

“ताई, तुझ्याच भल्याचं आहे.”

“माझं भलं तू कधीपासून बघायला लागलास? परवापर्यंत नाक पुसायलाही मी लागत होते.”

तो कसनुसा हसला. पण निरोप मागे घेतला नाही.

मग पेट्या यायला लागल्या. लोक त्या चादरीत गुंडाळून आणायचे, आजारी माणसाला आणावं तसं. मास्तर एकेक उघडायचे, एकेक सूर सोडवायचे. पेट्यांशी बोलणं पार थांबलं होतं. मी काच कापायचं सोडून त्यांच्याकडे पाहत बसायचो. सूर उपटून काढला तर त्याची जीभ वाकते. मास्तर एकही वाकू देत नव्हते. जे भट्टीत जायचं ते इतकं जपून कशाला काढता, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या दुकानाकडे.

त्या दिवसांत माझ्याकडे एकच काम होतं. मंडळाने ‘मुळाशी चला’ हे वाक्य छापून घरोघर लावायला सांगितलं होतं, आणि चौकटी माझ्याकडून जात होत्या. चौकटीत पुढे काच, मग छापील कागद, मग पुठ्ठा, मागे पातळ फळी. पुठ्ठा आणि फळी यांच्यात थोडी जागा असते. कुणाला ठाऊक नसते, कारण मागून चौकट उघडून कोण बघतो.

ज्या घरची पेटी, त्याच घरच्या चौकटीत तिचे सूर. मास्तर ते कापडाच्या पट्टीवर ओळीने शिवून द्यायचे, मी आत बसवून खिळे मारायचो. मंडळात जमा झालं ते जुन्या नळांचं आणि दाराच्या मुठींचं पितळ. घरच्यांनाही आम्ही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी ना कुणी बोललं असतं. अशा रीतीने आमच्या भागातली सगळी गाणी ‘मुळाशी चला’च्या मागे, ज्याच्या त्याच्या भिंतीवर लटकली.

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नव्हती. रस्त्याने जड मालमोटार गेली की भिंती हादरायच्या, आणि चौकटीतून बारीक गुणगुण यायची. फार बारीक. माशी अडकल्यासारखी. लोक चौकटीमागे माशी शोधायचे. एकदा वहिनींचा भाऊ माझ्या दुकानात उभा असताना बाहेरून मोटार गेली, आणि मागे ओळीने लावलेल्या तयार चौकटी गुणगुणल्या. त्याने एक उचलली.

“काका, चौकट जड झालीय.”

“काच जाड घालतो हल्ली,” मी म्हणालो. माझे हात पाठीमागे होते, ते बरं झालं.

त्याने चौकट कानाशी नेली, क्षणभर धरली आणि जागेवर ठेवली. “चांगलं काम आहे,” म्हणाला आणि गेला. त्याला कळलं होतं की नव्हतं, यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. त्या रात्री कुणी आलं नाही. नंतरही कुणी आलं नाही. एवढंच मला सांगता येतं.

वहिनींनी आपली पेटी सोडली नाही. आत काही नसताना त्या रोज दुपारी बसायच्या, भाता हलवायच्या आणि पट्ट्या दाबायच्या. पट्टी लाकडावर आपटायची, टक्. सूर नसल्यामुळे भात्यातला वारा मोकळाच बाहेर पडायचा, कुणी झोपेत श्वास सोडावा तसा. टकटक आणि श्वास. खाली बसून मला चाल ओळखता यायची. तिसऱ्या ओळीतलं वळण आलं की टकटक अडखळायची आणि पुढे जायची. बारकी आता आईच्या मांडीवर बसून तीच बोटं हलवायला शिकत होती.

हळूहळू इतर घरांतूनही टकटक यायला लागली. लाकडाला हरकत नाही असं मंडळानेच म्हटलं होतं. दुपारी गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून ती ऐकू यायची, आणि अंगावर काटा यायचा. सुताराचं काम चाललंय म्हणावं तर हातोडी नाही. जणू आतली माणसं कुणाच्या तरी दारावर बोटांनी वाजवत होती आणि कुणी दार उघडत नव्हतं.

एका दुपारी भाऊ बहिणीला भेटायला आला. वहिनींनी त्याला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. वाजवत राहिल्या. मीही तिथेच होतो, खिडकीची काच बदलायला गेलेलो. तो डोळे मिटून बसला होता. चार ओळी संपल्या तसा म्हणाला, “ताई, तिसऱ्या ओळीत चुकलीस.”

वहिनींचा हात भात्यावरच राहिला. “तुला ऐकू आलं?”

त्याने डोळे उघडले. काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. तो उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. वहिनी त्या दिवशी फार दिवसांनी हसल्या. मग बराच वेळ पदराने डोळे पुसत बसल्या.

त्यानंतरच्या थंडीत वहिनी गेल्या. छातीचा आजार होता. शेवटी शेवटी त्यांचा श्वास आणि पेटीचा श्वास सारखाच वाटायचा. मास्तरांचा हात धरून त्या म्हणाल्या, “बारकीला बोटं आली सगळी. पण रांगत्या वयात ऐकलेलं तिला आठवत नाही हो. एकदा तिला ऐकवा.”

मास्तर हो म्हणाले. पुढची सगळी वर्षं त्या माणसाच्या आयुष्यात एवढं एकच काम उरलं होतं. दुकान चालवणं, जेवणं, मुलीची शाळा, हे त्याच्या आजूबाजूला चालायचं, इतकंच.

त्यांच्या पेटीचे सूर मी आता वहिनींच्या फोटोच्या चौकटीत बसवले होते. तो फोटो वरच्या खोलीत पेटीच्या डोक्यावर लावला होता. खाली बसून बारकी रोज वाजवायची. टकटक आणि श्वास.

मंडळ गेलं तेही एकदम नाही गेलं. लोक कंटाळले, मंडळातच दोन तट पडले, आणि मग पक्ष आला. पक्षाला धर्माशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, मुळात ही जागा ज्यांची, ती माणसं आधी. पक्षाच्या पहिल्याच सभेत जाहीर झालं की गाण्याला परवानगी. लोक रस्त्यावर एकमेकांना मिठ्या मारत होते. मास्तर दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

दोन-चार दिवसांत मेहुणा आला. तोच हळू आवाज. छातीवर आता पक्षाचा बिल्ला. मंडळातली पुष्कळ मंडळी तशीच्या तशी पक्षात आली होती. त्यांना फारसं काही बदलावं लागलं नव्हतं.

“दाजी, आनंदाची बातमी आहे. पेट्या पुन्हा वाजत्या करायच्या.”

“करू की,” मास्तर म्हणाले. त्यांनी लगेच कानस हातात घेतली.

“आपलं एक मूळ गीत आहे. शाळेत, कचेरीत, घरी, सगळीकडे तेच वाजेल. त्यात सहाच सूर लागतात. तेवढेच बसवा.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे कशाला लागतात?”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. “तुझ्या ताईने तुला शिकवलं तेव्हा पहिल्यांदा काय धरायला लावलं होतं?”

“खर्ज.”

“किती दिवस?”

“कंटाळा येईपर्यंत,” तो म्हणाला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जुना पोरगा दिसला.

“खर्ज पाया आहे. तो सुटला की गाणं कोसळतं. यात कुणाचं दुमत नाही. पण म्हणून खर्जालाच गाणं म्हणायचं आणि बाकीच्या सुरांना घुसखोर म्हणायचं? तुम्ही आधी सगळे काढले, आता सहा ठेवता. मला तर दोन्ही वेळचं अक्षर एकाच हातचं दिसतं.”

“दाजी, हे माझ्याजवळ बोललात ते ठीक. बाहेर बोलू नका.” त्याच्या आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

चौकटी माझ्याकडे परत आल्या. ‘मुळाशी चला’ काढून तिथे पक्षाच्या पुढाऱ्याचा फोटो बसवायचा होता. माप तेच. मला काचसुद्धा बदलावी लागली नाही. पितळ मंडळात गेलेलं असताना सूर येणार कुठून, हे मेहुण्याने विचारलं नाही. आतले सूर मी मास्तरांना देत गेलो, ते सहा बसवून बाकीचे परत करत, आणि मी ते फोटोमागे पुन्हा खिळे मारून बंद करी. त्या वर्षी आमच्या भागात सगळीकडून एकच गीत ऐकू यायचं. कुणी चुकून दुसरी पट्टी दाबली की तिथे टक् व्हायचं आणि वारा सुटायचा.

तोवर मुकीच ठेवलेल्या स्वतःच्या पेटीत मात्र मास्तरांनी सगळे सूर बसवायचं ठरवलं. सापडले असते तर दुकान गेलं असतं, आणि नुसतं दुकान नाही. मी म्हटलं, “थोडं थांबा, दिवस बदलतील.” ते म्हणाले, “दिवस बदलले, बघितलेत ना?”

एका सुट्टीच्या दुपारी, सगळे सभेला गेले असताना, आम्ही वहिनींचा फोटो उतरवला. कापड उलगडलं. पितळ काळवंडलं होतं, पण एकही जीभ वाकलेली नव्हती. मास्तरांनी ते पुसले, कानशीने जिथे लागलं तिथे घासले आणि बसवले. त्यांचे ते मोठे कान लाल झाले होते. मग खिडक्या लावून, वर गोधड्या टांगून त्यांनी बारकीला हाक मारली. ती आता तरुण मुलगी होती, आईच्याच चणीची, बोलण्यात कमी.

“बस. आईची चाल वाजव.”

“रोजच वाजवते बाबा.”

“आज वाजव.”

तिने भाता हलवला आणि पहिली पट्टी दाबली. सूर आला. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मास्तरांनी मान हलवली, वाजव. ती वाजवू लागली. चार ओळी, तिसरीतल्या वळणासकट, कुठेही न चुकता. मी ती चाल इतक्या वर्षांनी ऐकत होतो आणि मला समोरची भिंत दिसेनाशी झाली. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांचे ओठ हलत होते.

चाल संपली. बारकी पट्ट्यांकडे पाहत राहिली.

“बाबा, हे आईचं नाही.”

“हेच आहे गं. आई हेच वाजवायची. काकांना विचार.”

“हेच आहे बारके,” मी म्हणालो. “मी खाली बसून ऐकायचो.”

“तुम्ही म्हणता तर असेल. नंतर तसं झालं असेल.”

“नंतर नाही, आधी. आधी हे होतं.”

तिने हळूच नाही म्हणून मान हलवली. तिचा आवाजही हळू होता, आणि तो कुणाचा आवाज आहे हे मला तेव्हाच ओळखू आलं. “माझं मूळचं दुसरं आहे. या पेटीत आईचा श्वास होता. तो गेला. तुम्ही काढून टाका हे आतलं, बाबा. जसं होतं तसं करून द्या.”

बोलण्यासारखं मास्तरांकडे पुष्कळ होतं, मेहुण्याला त्यांनी किती ऐकवलं होतं. पण समोर मुलगी होती, आणि ती आईलाच मागत होती. त्यांनी कानस खिशात ठेवली. पेटी पुढ्यात ओढली आणि एकेक सूर सोडवायला घेतला. पहिल्या वेळेसारखाच, जपून, जीभ वाकू न देता. ती शेजारी बसून पाहत होती. सगळे निघाले तेव्हा तिने पट्टी दाबून पाहिली. टक्. मग श्वास. तिचा चेहरा इतका शांत झाला की मला तिथे बसवेना.

मास्तर त्यानंतर फार दिवस काढू शकले नाहीत. पक्षही कधीतरी गेला. आता काय वाजवावं याला कुणाची बंदी नाही. मेहुणा म्हातारा झाला आहे, काठी टेकत येतो, भाचीच्या दारात थोडा बसतो, वाजवणं संपलं की न बोलता उठतो. बारकी शिकवणी घेते. मुकी पेटी शिकायला मुली लांबून येतात. ती याला आईची पद्धत म्हणते. मध्ये एक शिकलेला गृहस्थ आला होता. पेटीत नवे सूर बसवून देतो म्हणाला, फुकट. तिने त्याला चहा दिला आणि हळू आवाजात सांगितलं की आमच्यात ते चालत नाही. दुपारी मी माझ्या बंद दुकानाच्या पायरीवर बसतो. वरून टकटक येते. मग तिचा आवाज येतो, “तिसऱ्या ओळीत चुकलीस.” आणि खरं सांगतो, चुकलेली असते. मलाही ऐकू येतं.

ते सूर पुन्हा वहिनींच्या फोटोमागे आहेत. फोटो बारकीने मला दिला, तिच्या खोलीत त्याची गुणगुण शिकवणीच्या मध्ये यायची. आता तो माझ्या पलंगासमोर आहे. मालमोटार गेली की वहिनी काचेआडून गुणगुणतात. जाग आली की कधीकधी मला वाटतं त्या चालीचा पहिला सूर लागला, पण पुढचा लागत नाही.

गेल्या आठवड्यात ती डबा घेऊन आली होती. बाहेरून मोटार गेली. तिने फोटोकडे पाहिलं.

“काका, अजून वाजतो का हा? मागे जाड कागद घाला ना. आईला त्रास होत असेल.”

घालतो म्हणालो. कागद काढून ठेवला आहे. अजून घातलेला नाही.